विंडोज आणि लिनक्स यांची घरातल्या घरात जोडणी

आमच्या घरात दोन संगणक आहेत. टेबलावरचा मोठा संगणक विंडोज ११ प्रोवर चालतो आणि तो मुख्यतः माझा दादा वापरतो. व्हिडिओचे संपादन त्यावरच होते आणि घरातल्या सगळ्या छायाचित्रांचा साठाही तिथेच आहे. माझा लॅपटॉप उबुंटू लिनक्सवर चालतो. माझे लेखन आणि स्कॅन करून ठेवलेली जुनी कागदपत्रे त्यावर असतात. या दोन यंत्रांमधली देवाणघेवाण बराच काळ पेन ड्राइव्हनेच चालत असे. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर तो ६४ जीबीचा असला तरी त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल बसत नाही, आणि दादाच्या व्हिडिओच्या फायली ही मर्यादा सहज ओलांडत. ही अडचण एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटने सुटते. मात्र एकाच कागदाची एक प्रत त्याच्याकडे, एक माझ्याकडे आणि एक पेन ड्राइव्हवर राहिली की त्यांतली ताजी कोणती हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही, आणि ही अडचण कोणत्याही फॉरमॅटने सुटत नाही. म्हणून दोन्ही संगणक एकमेकांना कायमचे जोडायचे आणि प्रत्येकावरचा एक ठरावीक फोल्डर दुसऱ्यावर थेट उघडेल अशी व्यवस्था करायची, असे मी ठरवले.

काम सुरू करण्यापूर्वी एक अट मी स्वतःला घालून घेतली होती. जोडणी जमावी म्हणून कोणत्याही संगणकाची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारा पहारा, बंद करायची नाही, पासवर्डविना प्रवेश ठेवायचा नाही आणि कालबाह्य झालेली कोणतीही सुविधा पुन्हा चालू करायची नाही. या विषयावर जे मार्गदर्शन सहज हाती लागते, त्यातला मोठा भाग नेमक्या याच तीन गोष्टी करायला सांगतो. त्या केल्या की जोडणी लगेच होते, हे खरे आहे. पण ज्या संगणकावर घराची सारी छायाचित्रे आणि कागदपत्रे आहेत, त्याचे दार सताड उघडे ठेवून मिळालेली सोय मला नको होती.

दोन यंत्रांना एकमेकांशी बोलायला एक समान भाषा लागते. लिनक्सच्या जगात एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकाला टाइप करून आज्ञा देण्याची सुरक्षित पद्धत, सर्वत्र चालते आणि विंडोज १० पासून विंडोजमध्येही त्याची सोय आहे. परंतु दादाला आज्ञा टाइप न करता, नेहमीच्या फोल्डरप्रमाणे सगळे उघडायला हवे होते. म्हणून मी एसएमबी हा प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांच्या संवादाची ठरलेली भाषा, निवडला. त्याची सुरुवात १९८० च्या दशकात आयबीएममध्ये झाली, पुढे मायक्रोसॉफ्टने तो वाढवला आणि विंडोजमधली फायलींची देवाणघेवाण आजही त्यावरच चालते. लिनक्सला ही भाषा येते ती सांबा या मुक्त प्रणालीमुळे. अँड्र्यू ट्रिजेल हे ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत संशोधक विद्यार्थी असताना त्यांनी दोन संगणकांमधल्या तारेवरून जाणारे संदेश टिपून घेतले, कोणत्या विचारणेला कोणते उत्तर येते हे पाहून प्रोटोकॉलची रचना ताडली आणि १९९२ च्या जानेवारीत आपल्या कार्यक्रमाची पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. समोरच्याचे बोलणे नुसते ऐकून त्याची भाषा शिकण्याच्या या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आज घरोघरी वापरात असलेली अनेक साठवणयंत्रेही आतून सांबाच चालवतात.

अशा कामात एक गोष्ट मी आरंभापासून धरून ठेवली आणि पुढचे सगळे तिच्यामुळे सोपे झाले. जोडणी होत नाही तेव्हा पडद्यावर येणारा संदेश बहुतेक वेळा एकच असतो: अमुक ठिकाणी पोहोचता आले नाही. त्यामागची कारणे मात्र अगदी निरनिराळ्या पातळ्यांवरची असतात. पाहुण्याला आधी घर सापडावे लागते, मग दार उघडे असावे लागते, आत गेल्यावर त्याला ओळखणारे कोणी असावे लागते आणि शेवटी कोणत्या खोलीत जायची मुभा आहे हेही ठरलेले असावे लागते. तार, पत्ता, फायरवॉल, सेवा, ओळख आणि परवानगी यांचा क्रम असाच आहे. खालची पातळी पक्की झाल्याशिवाय वरच्या पातळीला हात लावायचा नाही, एवढे पथ्य पाळले की शोध आपोआप अरुंद होत जातो.

पहिली पातळी तारेची. दोन्ही संगणक वायफायवर होतेच, परंतु मोठ्या व्हिडिओंसाठी मी दोन्ही यंत्रे इथरनेट केबलने राउटरला जोडली. दोन्हींचे नेटवर्क कार्ड गिगाबिट क्षमतेचे होते, म्हणजे सैद्धांतिक कमाल वेग सेकंदाला १२५ मेगाबाइट आणि प्रत्यक्षात ११० च्या आसपास मिळायला हवा. पुढे जोडणी पूर्ण झाल्यावर मी एक मोठी फाइल पाठवून पाहिली, तेव्हा वेग सेकंदाला ११ मेगाबाइटवर जाऊन थांबला आणि तिथून हलेना. हा आकडा फार बोलका आहे. वेग खालीवर होत असेल तर डिस्क, वायफाय किंवा दुसरे एखादे काम कारणीभूत असू शकते. पण तो ११ ते १२ च्या दरम्यान खिळून राहिला तर जोडणी १०० मेगाबिटवर झालेली असते, कारण १०० ला ८ ने भागले की साडेबारा येतात आणि उरलेला भाग संदेशांच्या वेष्टनात जातो. लिनक्सवर इथटूल ही आज्ञा चालवल्यावर वेगाच्या ओळीत १००० ऐवजी १०० दिसले आणि शंका खरी ठरली. इथरनेट केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यांतल्या दोनच पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. म्हणजे उरलेल्या दोन जोड्यांपैकी एखादी तुटली तरी केबल बंद पडत नाही, नुसती मंदावते, आणि म्हणूनच दोष लवकर ध्यानात येत नाही. केबलचे टोक उजेडात धरून पाहिले तेव्हा पारदर्शक प्लगमधली तपकिरी तार धातूच्या पट्टीपर्यंत पोहोचलेलीच नव्हती. केबल बदलली आणि वेग १०० च्या पुढे गेला.

पत्त्याचे काम थोडक्यात झाले. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला डीएचसीपीने आपोआप आयपी पत्ता देतो, पण तो पत्ता कायमचा नसतो. काही दिवसांनी बदलू शकतो आणि मग साठवून ठेवलेला मार्ग चुकीच्या ठिकाणी जातो. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही यंत्रांच्या मॅक पत्त्यांसाठी, म्हणजे नेटवर्क कार्डांच्या ओळखक्रमांकांसाठी, ठरावीक आयपी पत्ते राखून ठेवले: विंडोजला १९२.१६८.१.१० आणि लिनक्सला १९२.१६८.१.२०. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठीच राखलेले आहेत, ते इंटरनेटवर फिरत नाहीत. वायफाय वापरणाऱ्यांनी इथे आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. अनेक राउटरांवर पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय असते आणि त्यावरच्या यंत्रांना इंटरनेट मिळते, पण ती एकमेकांशी बोलू शकत नाहीत. पाहुण्यांच्या बाबतीत ते योग्यच आहे. मात्र आपलाच एखादा संगणक त्या वायफायवर असेल तर दोन्हीकडे इंटरनेट उत्तम चालूनही जोडणी काही केल्या होत नाही.

यानंतर पिंग, म्हणजे दुसऱ्या यंत्राला छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहणे. विंडोजवरून लिनक्सला पिंग केल्यावर उत्तर तत्काळ आले, लिनक्सवरून विंडोजला केल्यावर आले नाही. असे एकतर्फी मौन दिसले की तार आणि पत्ता दोन्ही ठीक आहेत असे समजावे, कारण एका दिशेचे उत्तर येण्यासाठीही संदेशाला दोन्ही दिशांनी प्रवास करावाच लागतो. उरतो तो फायरवॉलचा प्रश्न. विंडोज प्रत्येक जाळ्याला सार्वजनिक किंवा खासगी असा दर्जा देते. नव्या जाळ्याला सहसा सार्वजनिक हा दर्जा मिळतो आणि त्यात बाहेरून येणाऱ्या बहुतेक विचारणा न बोलता टाकून दिल्या जातात. स्थानकावरच्या किंवा हॉटेलातल्या वायफायसाठी हे अगदी आवश्यक आहे. घरच्या जाळ्याचा दर्जा मी खासगी केला आणि फाइल व प्रिंटर सामायिक करण्याची सोय फक्त त्या दर्जापुरती चालू केली. फायरवॉल चालूच राहिली, पिंगला उत्तर मिळू लागले आणि उद्या हा संगणक दुसऱ्या जाळ्याला जोडला तरी हे दार तिथे आपोआप बंद राहील.

पिंग चालले म्हणजे फायली मिळतील असे नाही. आजचे एसएमबी टीसीपीच्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या त्या क्रमांकाच्या दारावर, चालते, तेव्हा तो पोर्ट स्वतंत्रपणे तपासावा लागतो. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये त्यासाठी टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा आहे, लिनक्सवर नेटकॅट हे छोटे साधन आहे. इथे मिळणाऱ्या दोन नकारांमधला फरक शिकून घेण्यासारखा आहे, कारण शोधाचे निम्मे कष्ट त्याने वाचतात. जोडणी नाकारली असा संदेश क्षणात आला, तर समोरच्या यंत्राने आपले म्हणणे ऐकले आहे, फक्त त्या पोर्टवर कोणती सेवा, म्हणजे उत्तर देणारा प्रोग्राम, बसलेली नाही; तेव्हा सेवा चालू करायची. बराच वेळ काहीच न होता मुदत संपल्याचा संदेश आला, तर बहुधा मधली फायरवॉल आपले संदेश गिळत आहे. तेव्हा सेवेला हात न लावता फायरवॉलचा नियम पाहायचा. लिनक्सच्या बाजूला मला आधी क्षणातला नकार मिळाला, कारण सांबा अजून बसवलेला नव्हता. तो बसवून यूएफडब्ल्यू ही उबुंटूची फायरवॉल चालू केल्यावर मुदत संपल्याचा संदेश येऊ लागला. मग फक्त घरच्या जाळ्यातून, म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवरून येणाऱ्यांनाच सांबापर्यंत जाऊ द्यावे, असा नियम त्यात घातला. राउटरवर हा पोर्ट इंटरनेटच्या दिशेने उघडणे मात्र कोणीही, कोणत्याही कारणासाठी करू नये.

सांबाची मांडणी एकाच मजकूर-फायलीत असते आणि ती वाचायला कठीण नाही. सामायिक करायच्या फोल्डरसाठी चौकटी कंसात एक नाव द्यायचे, त्याखाली फोल्डरचा मार्ग, कोणाला प्रवेश आहे त्यांची नावे आणि लिहिण्याची मुभा आहे की नाही एवढ्या ओळी पुरतात. फाइल जतन केल्यावर टेस्टपार्म ही आज्ञा चालवावी. ती मांडणीतल्या चुका सेवा सुरू होण्यापूर्वीच दाखवते.

विंडोज आणि लिनक्स यांच्यातला खरा फरक जाणवतो तो यापुढे, ओळखीच्या पातळीवर. मी दादासाठी लिनक्सवर एक वापरकर्ता तयार केला आणि त्याला पासवर्डही दिला, तरी सांबा त्याला ओळखत नाही. याचे कारण समजले की त्रागा होत नाही. चांगली प्रणाली वापरकर्त्याचा पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. त्यावर एक गणिती प्रक्रिया करून जे उरते ते साठवते, आणि त्यातून मूळ पासवर्ड परत काढण्याचा सरळ मार्ग नसतो. लिनक्सची ती प्रक्रिया वेगळी, विंडोजची वेगळी. विंडोज जाळ्यावरून ओळख पटवताना आपल्या पद्धतीची खूण वापरते आणि लिनक्सकडे साठवलेल्या खुणेवरून ती तयार करता येत नाही. म्हणून सांबा पासवर्डांची स्वतःची वेगळी वही ठेवतो आणि एसएमबीपासडब्ल्यूडी या आज्ञेने प्रत्येक वापरकर्त्याची नोंद त्यात स्वतंत्रपणे करावी लागते. पुढे लिनक्सचा पासवर्ड बदलला तरी ही नोंद आपोआप बदलेल असे धरून चालू नये.

विंडोजच्या बाजूला याचेच दुसरे रूप समोर येते. दादा आपल्या संगणकात चार अंकी पिनने प्रवेश करतो, आणि लिनक्सने पासवर्ड विचारल्यावर त्याने साहजिकच पिन सांगितला. पिन हा त्या एका यंत्रापुरताच असतो, जाळ्यावरून तो चालत नाही. तिथे खात्याचा पूर्ण पासवर्डच लागतो. आणि ते खाते मायक्रोसॉफ्टच्या ईमेलशी जोडलेले असेल, तर त्या ईमेलचा पासवर्ड माझ्या लॅपटॉपवर लिहून ठेवावा लागला असता. ते मला मुळीच पसंत नव्हते. त्याऐवजी विंडोजवर फक्त या कामासाठी एक स्थानिक खाते उघडले, त्याला लांब पासवर्ड दिला आणि छायाचित्रांच्या फोल्डरपलीकडे त्याला काहीही उघडता येणार नाही अशी व्यवस्था केली. हा मार्ग मी सर्वांना आग्रहाने सुचवेन. उद्या लॅपटॉप हरवला तर ते एक खाते बंद केले की काम संपते. दादाच्या ईमेलला धक्का लागत नाही.

पासवर्डविना पाहुणा म्हणून प्रवेश देण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिसतो. तो आता तसाही चालत नाही. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून प्रत्येक एसएमबी संदेशावर सही असणे सक्तीचे आहे. संदेश वाटेत कोणी बदललेला नाही याची ती खूण असते. ही सही पासवर्डातून तयार होणाऱ्या गुपितावर उभी असते. पाहुण्याला पासवर्डच नाही, तेव्हा सहीही नाही, आणि विंडोज अशी जोडणी नाकारते. ही सक्ती सेटिंग बदलून काढता येते, पण खरा वापरकर्ता आणि खरा पासवर्ड तयार करायला फारसा वेळ लागत नाही. तो द्यावा.

परवानग्यांचा विषय दोन्ही प्रणालींमध्ये सारखाच दुहेरी आहे. सामायिक फोल्डरवर एक परवानगी असते, डिस्कवरच्या फायलींवर दुसरी, आणि दोन्हींमध्ये जी अधिक कडक ती लागू होते. विंडोजमध्ये फोल्डर सामायिक करताना लिहिण्याची मुभा दिली, पण सुरक्षा या टॅबमध्ये त्या खात्याचे नाव नसले, तर फोल्डरचे नाव दिसते आणि आत जाता येत नाही. उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये प्रत्येकाचा घरचा फोल्डर इतरांसाठी बंद असतो, त्यामुळे माझ्या घरच्या फोल्डरमधला एखादा उपफोल्डर दादासाठी खुला केला तरी त्याला वाटेतच अडवले जाते. मी सामायिक फोल्डर घरच्या फोल्डरच्या बाहेर, स्वतंत्र ठिकाणी ठेवला, आम्हा दोघांचा एक गट केला आणि तो फोल्डर त्या गटाच्या मालकीचा केला. परवानगी नाकारली हा संदेश या पातळीवर आला, तर तो एका अर्थी शुभवर्तमान असतो, कारण खालच्या साऱ्या पातळ्या पार झाल्याची ती ग्वाही असते.

पासवर्ड आणि परवानग्या नीट लावूनही दादाच्या विंडोजने जुनाच नकार चालू ठेवला, तेव्हा थोडे थांबून विचार करावा लागला. विंडोज एका सर्व्हरशी एका वेळी एकाच ओळखीने बोलते आणि ती ओळख बराच काळ धरून ठेवते. आधीच्या चाचणीतली जोडणी अजून जिवंत होती, त्यामुळे नव्या नावाने केलेली मागणी १२१९ या त्रुटीक्रमांकासह परत येत होती. नेट यूज या आज्ञेने जुन्या जोडण्या तोडल्या, क्रेडेन्शियल मॅनेजर या विंडोजच्या पासवर्ड-साठ्यातली नोंद काढली आणि पुढच्याच वेळी नवा पासवर्ड स्वीकारला गेला.

जोडणी झाल्यानंतरही एक गोष्ट राहिली होती: पत्ता टाइप केला की फोल्डर उघडत असे, पण विंडोजच्या नेटवर्क या यादीत माझा लॅपटॉप दिसत नव्हता. अशा वेळी एसएमबी १ चालू करा हा सल्ला हमखास मिळतो, आणि तो कटाक्षाने टाळावा. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने याच पहिल्या आवृत्तीच्या विंडोजमधल्या अंमलबजावणीतली त्रुटी वापरून संगणकामागून संगणक बाधित केले होते; त्रुटी बुजवणारी दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये आली होती, पण असंख्य यंत्रांवर ती बसवलेली नव्हती. त्याच वर्षीच्या उत्तरार्धापासून विंडोज १० च्या नव्या प्रतींमध्ये एसएमबी १ बसवलेले येईनासे झाले आणि २०१९ मध्ये सांबानेही, कोणी मुद्दाम चालू केल्याशिवाय, ते बंद ठेवले. जुनी यादी त्या आवृत्तीच्या आधाराने चालत असे, म्हणून तिच्यासोबत यादीही गेली. आजचे विंडोज शेजारची यंत्रे शोधण्यासाठी डब्ल्यूएस-डिस्कव्हरी नावाची वेगळी पद्धत वापरते. ती सांबात अंगभूत नाही, परंतु डब्ल्यूएसडीडी नावाचा लहानसा कार्यक्रम बसवला की लिनक्सचा संगणक त्या पद्धतीने आपली हजेरी लावतो. तो बसवला आणि थोड्या वेळाने यादीत लॅपटॉपचे नाव आले. तशी यादीची गरजही फार नाही. विंडोजमध्ये लिनक्सचा फोल्डर एकदा ड्राइव्हच्या अक्षराला जोडून दिला की दादाला तो आपल्याच डिस्कसारखा दिसतो.

लिनक्सवर उलट दिशेची सोय करताना मी विंडोजचा फोल्डर सीआयएफएस प्रकाराने (लिनक्सवर एसएमबीचे फोल्डर याच नावाने जोडले जातात) जोडला आणि त्याची ओळ एफएसटॅब या, कोणत्या डिस्क कोठे जोडायच्या ते सांगणाऱ्या फायलीत घातली. पासवर्ड त्या ओळीत लिहू नये, कारण ती फाइल सर्वांना वाचता येते. तो वेगळ्या फायलीत ठेवून तिचे वाचन फक्त रूटपुरते, म्हणजे लिनक्सच्या मुख्य व्यवस्थापक खात्यापुरते, मर्यादित करावे. दुसरे असे की दादाचा संगणक बंद असताना माझा लॅपटॉप सुरू होताना त्याची वाट पाहत अडकू नये, म्हणून जोडणी न झाल्यास पुढे जाण्याचा नोफेल हा पर्याय आणि गरज पडेल तेव्हाच जोडण्याचा सिस्टिमडीचा (लिनक्स सुरू करणाऱ्या व्यवस्थेचा) पर्याय असे दोन्ही दिले.

आणि मग फायलींच्या नावांचा विषय आला. देवनागरीत नावे देणाऱ्या प्रत्येकाला तो भेटणारच, आणि त्याविषयी फारसे कोठे लिहिलेले सापडत नाही. दादाच्या संगणकावरचा छायाचित्रांचा साठा माझ्या डिस्कवर उतरवताना काही फायली नाव फार लांब आहे या तक्रारीने मागे राहिल्या, आणि त्या सगळ्याच मराठी नावांच्या होत्या. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी४ या डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धती, आणि दोन्हींमध्ये नावाची मर्यादा २५५ आहे. पण एनटीएफएस युटीएफ-१६ या संकेतपद्धतीची एकके, म्हणजे देवनागरीत एका चिन्हाला एक, मोजते आणि ईएक्सटी४ बाइट मोजते. लिनक्सवरच्या युटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणून माझ्या डिस्कवर मराठी नावाला फार तर ८५ चिन्हे मिळतात. शिवाय चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. स्त्री हा शब्द डोळ्यांना एक अक्षर दिसतो, पण त्यात स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट. समारंभ, ठिकाण, तारीख आणि उपस्थितांची नावे असे सारे फाइलच्या नावात लिहिण्याची आमच्या घरातली पद्धत इंग्रजी अक्षरांत चालून गेली असती. देवनागरीत ती मर्यादेला जाऊन धडकते. अशा फायलींची नावे आखडती केली आणि तपशील फोल्डरच्या नावांत विभागला.

याहून सूक्ष्म प्रकार ऱ्य या जोडाक्षराचा. दुसऱ्या हा शब्द काही कळफलक ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरून लिहितात, तर काही साधा र, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही रूपे तंतोतंत सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन निराळी नावे आहेत. दोन्ही संगणकांवर वेगवेगळे कळफलक असल्यामुळे एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी उभे राहिले आणि त्यांत छायाचित्रे विभागली गेली. यावर उपाय एकच: दोन्हीकडे एकच कळफलक ठरवायचा आणि जुनी नावे त्या रूपात आणायची. मी दोन्ही यंत्रांवर इनस्क्रिप्ट ठेवला. इंग्रजीतल्या लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ, म्हणजे लिनक्सवर दोन आणि विंडोजच्या दृष्टीने एकच नाव, देवनागरीत उद्भवत नाही, हे एक समाधान. विरामचिन्हांचे मात्र पाहावे लागते. अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह विंडोजला फाइलच्या नावात चालत नाहीत, लिनक्सला चालतात. माझा स्कॅनचा कार्यक्रम नावात तास आणि मिनिटे अपूर्णविरामाने जोडतो, आणि दादाला त्या फायली सांबाने घडवलेल्या अगम्य संक्षिप्त नावांनी दिसत होत्या. त्या कार्यक्रमाच्या सेटिंगमध्ये अपूर्णविरामाच्या जागी संयोगचिन्ह घातले.

शेवटचे काम राखीव प्रतीचे. छायाचित्रांच्या साठ्याची एक प्रत रोज रात्री लिनक्सवर यावी यासाठी मी आरसिंक हा फायलींच्या प्रती काढणारा कार्यक्रम वापरते. हा कार्यक्रमही ट्रिजेल यांचाच, पॉल मॅकेरास यांच्यासोबत १९९६ मध्ये केलेला. फाइलचा फक्त बदललेला भाग पाठवण्याबद्दल तो प्रसिद्ध आहे, परंतु सीआयएफएसने जोडलेला फोल्डर त्याला स्थानिक डिस्कसारखा दिसतो आणि अशा वेळी तो बदललेली फाइल पूर्णच उतरवतो. छायाचित्रे सहसा बदलत नाहीत, नवी तेवढी वाढतात, त्यामुळे आकार आणि वेळ पाहून न बदललेल्या फायली वगळल्या गेल्या की पुरते. दादाचा संगणक झोपेच्या अवस्थेत गेला की जोडणी तुटते, म्हणून त्या वेळेपुरता तो जागा राहील असे वीजवापराच्या सेटिंगमध्ये ठरवले. मूळ ठिकाणी नसलेल्या फायली प्रतीतूनही पुसण्याचा पर्याय मी आरसिंकला दिलेला नाही. दादाच्या हातून एखादा फोल्डर पुसला गेला, किंवा रात्री त्याचा संगणक बंद असल्याने जोडलेला फोल्डर रिकामा भासला, तरी माझ्याकडची प्रत जागेवर राहिली पाहिजे. त्यामुळे पुसलेल्या फायलींचा थोडा पसारा साठतो. आम्ही दोघे अधूनमधून यादी समोर घेऊन बसतो आणि नको असलेले हाताने काढून टाकतो.